केवणीचा पीळ, पाण्यातला रंग: घरच्या टेबलावर द्रवस्फटिक

चवथीला गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधताना रानातलं जे जे हाताला लागतं ते वर चढतं. त्यात केवणीची फळं असतातच. बोटाएवढी, दोरासारखा पीळ घातलेली. बाळगुटीत उगाळतात ती मुरडशेंग हीच. यंदा त्यातलं एक फळ बाजूला ठेवा आणि आरशासमोर धरा. आरशातल्या फळाचा पीळ उलटा दिसेल. हातातलं फळ उभं करा, आडवं करा, डोक्यावर धरा, ते आरशातल्यासारखं काही केल्या होणार नाही. या गुणाला पुस्तकात कायरॅलिटी म्हणतात, कुणी हस्तता म्हणतं. वर्गात मी सरळ 'पीळ' म्हणतो, आणि मुलांना तो पहिल्या दिवशी कळतो.

आता असाच पीळ पाण्यात घडवायचा, पण केसाच्या जाडीच्या दोनशेव्या हिश्शाएवढा बारीक. द्रवासारखा वाहणारा, पण आत रेणू शिस्तीत लागलेला असा पदार्थ म्हणजे द्रवस्फटिक. त्यातून रंग काढायचा, तो मोजायचा आणि शेवटी डाव्या-उजव्या डोळ्यांनी वेगवेगळा बघायचा. रंगद्रव्य एक थेंबही लागणार नाही. गोव्यात फोंड्याला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना मी हा प्रयोग चार-पाच वर्षं मुलांकडून करून घेतला आहे. वेळ धरा साधारण आठवडाभर, त्यातले बहुतेक दिवस नुसती वाट बघण्याचे.

सामान

मुख्य वस्तू म्हणजे हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज, यापुढे एचपीसी. पांढरी पूड असते. औषधाच्या गोळ्या बांधून ठेवायला ती वापरतात आणि खाद्यपदार्थांत ई-४६३ या क्रमांकाने चालते, त्यामुळे मुलांच्या हाताला लागली तरी घाबरायचं कारण नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या औषध कारखान्यांत ओळखीतलं कुणी ना कुणी कामाला असतंच. त्यांना पूड उचलून आणायला सांगू नका, बिचाऱ्याची नोकरी जाईल. पुरवठादार कोण ते विचारा आणि शाळेच्या पत्रावर १०० ग्रॅम नमुना मागा. मागताना 'कमी व्हिस्कॉसिटीचा ग्रेड' असं स्पष्ट लिहा, म्हणजे रेणुभार एक लाखाच्या आतला. जास्त रेणुभाराची पूड इतकी चिवट होते की चमचा वाकतो.

एक सावधगिरी. बाजारात सहज मिळते ती एचपीएमसी. नावात एक 'मिथाइल' जास्त. पहिल्या वर्षी मी तीच आणली. आठवडाभर ढवळून कपड्यांना घालायची खळ तयार झाली, रंग काही आला नाही.

बाकी सामान साधं आहे. गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. ग्रॅमचा शंभरावा हिस्सा दाखवणारा, दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा. झाकणाच्या प्लास्टिकच्या नळ्या, ५ मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज, ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीट, पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी गोंद आणि काळा कागद. काळा कागद विसरू नका, त्याचं कारण पुढे येईल.

पोलरॉइडसाठी, म्हणजे प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं पुढे सोडणाऱ्या शीटसाठी, लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात फुटका स्क्रीन मागा. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक पोलरॉइड शीट चिकटवलेली असते. कोपरा ब्लेडने उचलून सावकाश सोला, हातात मोजे घाला. जुन्या स्क्रीनच्या कडेला बारीक काचेची दिव्याची नळी असू शकते, तिच्यात पारा असतो. ती नळी काढून ठेवण्याचं काम दुकानदारालाच करायला लावा.

शेवटची वस्तू ३डी सिनेमाचा चष्मा. तो वर्तुळाकार ध्रुवणाचा हवा, म्हणजे एका डोळ्याला डाव्या फिरकीचा आणि दुसऱ्याला उजव्या फिरकीचा प्रकाश सोडणारा, कारण काही चष्मे साध्या रेषीय पोलरॉइडचेही असतात. ओळखायला कॅल्क्युलेटर पुरतो. चष्मा नेहमीसारखा धरून कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडे बघा आणि चष्मा फिरवा. आकडे फारसे कमीजास्त झाले नाहीत, पण चष्मा उलटा धरून फिरवल्यावर मात्र पडदा काळा पडला, तर चष्मा कामाचा. दोन्ही बाजूंनी काळा पडत असेल तर तो रेषीय. दुसरा शोधा.

आधी साखर

मुख्य प्रयोगाआधी अर्ध्या तासाचं काम. ५० ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर करा आणि सपाट तळाच्या उभ्या ग्लासात १० सेंटिमीटर उंचीपर्यंत ओता. खाली मोबाइलची टॉर्च, टॉर्चवर एक पोलरॉइड, त्यावर ग्लास, वर दुसरा पोलरॉइड. ग्लास नसताना दोन पोलरॉइड आडवे-उभे करून अंधार केलेला असला, तरी पाक मध्ये आल्यावर उजेड दिसू लागतो. पुन्हा जास्तीत जास्त अंधार व्हायला वरचा पोलरॉइड सुमारे ३३ अंश फिरवावा लागतो. हिशोब सोपा आहे. साखरेची फिरवण्याची ताकद ६६.५ अंश, ती मिलिलिटरला १ ग्रॅम आणि १० सेंटिमीटर लांबीला. आपला पाक मिलिलिटरला अर्धा ग्रॅम, म्हणून निम्मी. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त फिरतो, म्हणून पोलरॉइड फिरवताना रंग बदलत जातात.

साखरेचा प्रत्येक रेणू पिळाचा आहे, पण पाण्यात ते सैरावैरा पडलेले असतात. म्हणून १० सेंटिमीटर चालून प्रकाश जेमतेम ३३ अंश वळतो. हेच रेणू शिस्तीत एकावर एक रचले तर?

माडाचे हीर घ्या, केरसुणीचे. जमिनीवर शेजारी शेजारी एकाच दिशेने पसरा. त्यावर दुसरा थर, पण किंचित वळवून. तिसरा आणखी किंचित. असं करत एक पूर्ण फेरा झाला की ती पिळाची लांबी. द्रवस्फटिकाच्या ज्या जातीला कोलेस्टेरिक म्हणतात तिच्यात रेणू असेच असतात, फक्त थर वेगळे सुटे नसतात आणि सगळं द्रवासारखं वाहतं. या रचनेवर पांढरा प्रकाश पडला की एकच तरंगलांबी, म्हणजे एकच रंग, परत फिरते:

तरंगलांबी = अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो त्याचा आकडा) × पिळाची लांबी

आणि त्यातही अर्धाच प्रकाश परततो. पांढऱ्या प्रकाशात डाव्या आणि उजव्या फिरकीचा निम्मा-निम्मा वाटा असतो. रचनेच्या पिळाशी जुळणारी फिरकी परत येते, दुसरी आरपार जाते. ही आरपार गेलेली अर्धी फिरकी आणि बाकीचे सगळे रंग मागच्या पांढऱ्या कागदावरून उलटून आले तर आपला रंग त्यात बुडून जातो. काळा कागद त्यासाठी.

गंमत म्हणजे माणसाला सापडलेला पहिलाच द्रवस्फटिक या पिळाच्या जातीचा होता. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळताना दिसलं. १४५.५ अंशांना गढूळ द्रव, १७८.५ अंशांना स्वच्छ. थंड होताना त्यात रंग चमकून जात होते. भारताचं नाव या विषयात पक्कं झालं ते १९७७ साली, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी काडीऐवजी थाळीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखवले तेव्हा.

पूड मळणे

तीन नळ्या करा. पहिलीत ६.१ ग्रॅम एचपीसी आणि ३.९ ग्रॅम पाणी. दुसरीत ६.५ आणि ३.५. तिसरीत ६.९ आणि ३.१. पहिली तांबड्याकडे, दुसरी हिरव्याकडे, तिसरी निळ्याकडे जायला हवी. ग्रेडनुसार दोन-तीन टक्के इकडे तिकडे होतं, त्यामुळे हिरव्याऐवजी नारिंगी आला तर निराश होऊ नका, पुढच्या वेळी पाणी कमी करा. पाणी कमी म्हणजे पीळ आखूड, पीळ आखूड म्हणजे रंग निळ्याकडे. पूर्ण प्रयोगाची किल्ली एवढ्या एका ओळीत आहे.

पाणी फ्रीजमधलं गार घ्या. कोमट पाण्यात लवकर विरघळेल असं कुणालाही वाटतं, माझ्या घरच्यांनीही तोच सल्ला दिला होता. एचपीसीचं मात्र उलटं. ४० ते ४५ अंशांच्या वर ती पाण्यातून बाहेर पडते आणि सगळं दुधाळ होतं.

पुडीत पाणी थोडं थोडं घाला आणि स्टीलच्या चपट्या चमच्याने दाबत, उलटत मळा. तांदळाच्या भाकरीचं पीठ मळतो तसं. सुरुवातीला गोळे राहतील, मधे कोरडी पूड दिसेल. दिसू द्या. झाकण घट्ट लावून नळी फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं मळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळे जातात आणि गार काकवीसारखा दाट लगदा होतो. भरताना आणि चौथ्या दिवशी नळीचं वजन करा. अर्धा टक्का पाणी उडालं तरी रंग सरकतो, आणि मेमध्ये पंख्याखाली उघड्या वाटीत ठेवलं तर वर साय धरून खेळ संपतो.

आता बुडबुडे. लगद्यात हवा इतकी अडकते की तो पांढराच दिसतो. दाट असल्यामुळे बुडबुडे आपणहून वर यायला आठवडे लागतात. प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज असेल तर वीस मिनिटांत काम होतं. नसेल तर सायकल आहे. सायकल उलटी ठेवा. मागच्या चाकाच्या दोन समोरासमोरच्या आऱ्यांवर एकेक नळी चिकटपट्टीचे चार-पाच वेढे देऊन घट्ट बांधा. नळीचं तोंड आसाकडे, बूड रिमकडे. पेडल हाताने मिनिटाला ११० फेऱ्या फिरवलं आणि गिअर जवळपास पावणेतीनाचा असला तर चाक मिनिटाला ३०० फेऱ्या फिरतं. आसापासून ३० सेंटिमीटरवर हा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट नव्हे, तीसपट भरतो. पाच-पाच मिनिटांचे आठ-दहा डाव केले की बुडबुडे तोंडाशी जमतात. दोन्ही नळ्या सारख्या वजनाच्या हव्यात, नाहीतर सायकल नाचू लागते. फिरवणाऱ्याने चष्मा लावावा आणि चाकाच्या रेषेत कुणी उभं राहू नये. सुटलेली नळी ताशी ३० किलोमीटरच्या पुढे जाते. आमच्याकडे एकदा सुटली, भिंतीवर आपटली, आणि बुडबुडे मात्र गेले नाहीत.

पाकीट

ओएचपी शीटचे पाच सेंटिमीटरचे दोन चौकोन कापा. त्याच शीटच्या बारीक पट्ट्या कापून एका चौकोनाच्या कडांना दोन थरांत ठेवा, म्हणजे मधे सुमारे ०.२ मिलिमीटर जागा राहते. सिरिंजने मध्यभागी वाटाण्याएवढा लगदा ठेवा, वरून दुसरा चौकोन, आणि मधून कडेकडे हळूहळू दाबा. कडा इपॉक्सीने बंद करा. लगदा कडेपर्यंत आला तर गोंद धरत नाही, म्हणून कमीच घ्या.

पाकीट केल्या केल्या रंग दिसणार नाही किंवा मळकट दिसेल. दाबताना हीर विस्कटलेले असतात. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी काळ्या कागदावर ठेवा. खिडकीच्या उजेडात धातूसारखा हिरवा चमकताना पाहिला की वर्गातला सगळ्यात कंटाळलेला मुलगाही पुढे येतो, हा माझा अनुभव आहे.

मग खेळा. बोटाने हलकेच दाबा. पीळ दबतो, हिरवा निळा होतो आणि बोट काढल्यावर काही सेकंदांत परत येतो. तळहातात धरा. पीळ सैल होतो, रंग तांबड्याकडे सरकतो. ताप बघायच्या कपाळपट्टीतही कोलेस्टेरिक द्रवस्फटिकच असतो, पण तिथे तापल्यावर तांबड्याकडून निळ्याकडे जाणं असतं. पीळ तोच, पण उष्णतेला उत्तर देण्याची रीत उलटी.

मोजणे

रंगाला 'पोपटी' म्हणायचं की 'हिरवट' यावर वाद घालण्यापेक्षा त्याची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये काढा. जुनी डीव्हीडी कात्रीने कापून तिचे दोन थर सोडवा. पारदर्शक थर, धातूचा मुलामा नसलेला, हीच प्रकाशाचे रंग वेगळे करणारी आपली जाळी. डीव्हीडीवरच्या रेघा ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात. चपलांच्या खोक्याच्या एका टोकाला दोन ब्लेडच्या धारा जवळजवळ चिकटवून बारीक फट करा. दुसऱ्या टोकाला जाळी, जाळीमागे मोबाइलचा कॅमेरा, तिरपा. आतून खोकं काळं.

आधी जुना सीएफएल दिवा फटीसमोर धरून फोटो घ्या. पाऱ्याच्या दोन रेघा ठळक दिसतील, ४३६ नॅनोमीटरची निळी आणि ५४६ची हिरवी. समजा फोटोत त्या ८२० आणि १२६० व्या पिक्सेलवर आल्या. मग ११० नॅनोमीटरला ४४० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला पाव नॅनोमीटर. आता खोकं न हलवता, ऊन पाकिटावर पाडून परतलेला उजेड फटीत सोडा. ऊन आणि फट दोन्ही शक्य तितकी सरळ समोर. पट्ट्यातला सगळ्यात उजळ भाग १३०० व्या पिक्सेलवर असेल तर ५५६ नॅनोमीटर. दाट लगद्याचा अपवर्तनांक सुमारे १.४३ धरला तर पीळ ३८९ नॅनोमीटरचा. कॅमेरा हिरव्याला मुळातच जास्त झुकतो, म्हणून त्याच जागी पांढरा कागद ठेवूनही एक फोटो घ्या आणि दोन्हींचा भागाकार करून मगच उजळ जागा ठरवा. हा भागाकार मुलं टाळतात आणि सगळ्यांचे रंग संशयास्पद हिरवे येतात.

पाकीट ४५ अंश तिरपं धरून बघितलं की तेच ५५६चे सुमारे ४८३ होतात, निळे. प्रकाश आत शिरताना वळून ३० अंशांच्या आसपास जातो आणि तरंगलांबी त्या कोनाच्या कोसाइनने कमी होते. बारावीच्या मुलांनी हे कागदावर करून मग मोजावं.

तिन्ही नळ्यांचे आकडे आलेखावर मांडा, आडवं पाण्याचं प्रमाण, उभी तरंगलांबी. मग चौथी नळी गुप्त करा. मित्राने भरलेली, प्रमाण न सांगितलेली. रंग मोजून पाणी किती ते ओळखा. आमच्या मुलांना एका टक्क्याच्या आत जमतं.

पावसातलं काम: सेल्युलोजचे नॅनोस्फटिक

एचपीसीचा रंग ओला असतो. कोरडा, कायमचा पापुद्रा हवा तर सेल्युलोजचे नॅनोस्फटिक घ्या. कापूस किंवा लाकडाचा लगदा ६४ टक्के गंधकाम्लात ठेवला की मऊ भाग विरघळतात आणि ५ ते २० नॅनोमीटर रुंद, शंभर-तीनशे नॅनोमीटर लांब कठीण काड्या उरतात. ते आम्ल शाळेत उघडायचं नाही. तयार द्रावण विकत मिळतं, ३ टक्क्यांचं घ्या.

३५ मिलिमीटरच्या प्लास्टिक पेट्री डिशमध्ये ३ मिलिलिटर ओता आणि सपाट जागी ठेवा. सुकताना काड्या आपणहून पीळ घेतात. सुकलं की ६० मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकणारा पापुद्रा. इथे आपला दमट जुलै कामाला येतो. कोरड्या हवेत डिश दोन दिवसांत वाळते आणि कडेला रंगांची कडी, मधे फिकट, असा बशीतल्या चहाच्या डागासारखा प्रकार होतो. जुलैत झाकण अर्धवट लावून ठेवलं तर आठवडा लागतो, पण रंग डिशभर सारखा येतो. त्याच दिवसांत एचपीसीच्या नळ्या मात्र झाकण सैल राहिलं तर महिन्याभरात बुरशी धरतात.

नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार काड्यांची रचना बिघडवतात. चिमटीभराहूनही कमी मीठ मुद्दाम घातलं तर रंग निळ्याकडे जातो, ग्लुकोज घातलं तर तांबड्याकडे, शिवाय पापुद्रा कमी तडकतो.

पुढे जायचं असेल तर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं दार ठोठवावं लागेल. सरळ रेणूंच्या नेमॅटिक द्रवस्फटिकात पिळाचा एखादा पदार्थ पाव हिस्सा मिसळला की तोही पिळाचा होतो, आणि त्याला वीज देऊन पीळ उलगडता येतो. २०१८ साली सोलच्या संशोधकांनी सिस्टीन या अमिनो आम्लाच्या साहाय्याने सोन्याचे कणच मुरडलेले वाढवले. ते घरचं काम नव्हे.

दोन डोळे

आता ३डी चष्मा. काळ्या कागदावर एचपीसीचं पाकीट आणि शेजारी वाळलेला पापुद्रा ठेवा. चष्मा घाला आणि एक डोळा मिटा. दोघांपैकी एक काळाठिक्कर पडेल, दुसरा चमकेल. डोळा बदला, अदलाबदल होईल. एचपीसीचा पीळ उजवा, नॅनोस्फटिकांचा डावा, त्यामुळे दोघे कधीही एका डोळ्यात पूर्ण तेजाने दिसत नाहीत. काजूच्या बागेत चमकदार हिरवा भुंगेरा सापडला तर त्यालाही असंच बघा आणि सोडून द्या. स्कॅरॅब कुळातल्या कित्येक भुंगेऱ्यांची पाठ डाव्या पिळाची असते. अशा एका भुंगेऱ्याची नोंद भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन यांनी १९११ साली केली. सोनकिड्याची चमक मात्र नुसत्या सपाट थरांची, तो दोन्ही डोळ्यांना सारखाच.

मग एक डोळा मिटलेला ठेवून, ज्या डोळ्याला पाकीट काळं दिसतं त्याच डोळ्याने, पाकीट आरशासमोर सरळ धरा. पाकिटाची बाजू आरशाकडे, काळा कागद त्याच्या मागे आपल्या बाजूला, आणि टॉर्च पाकिटावर. या डोळ्याला सरळ बघताना काळं पडणारं तेच पाकीट आरशात हिरवं लखलखतं. केवणीचं फळ अजून ठेवलेलं असेल तर तेही शेजारी धरा.